सड्यावरची फिल्म आणि सड्याचे हिस्सेदार: एक प्रकरण अभ्यास

देवगड तालुक्यातल्या एका गावाच्या माथ्यावर मोठा कातळसडा आहे, म्हणजे उघड्या जांभ्या दगडाचं सपाट पठार. सातबाऱ्यावर त्यातला बहुतेक भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, म्हणून नोंदलेला. मालकी खासगी, पण एकट्यादुकट्याची नाही. एकाच मूळ पुरुषाच्या चार घरांत ती सामाईक आहे आणि वारसांची नावं पानभर आहेत. निम्मे वारस गावात, निम्मे मुंबईत, नाहीतर नालासोपारा-डोंबिवलीकडे. आम्ही चौघे या सड्यावर स्वतंत्रपणे, म्हणजे कुठल्याही वाहिनीच्या किंवा संस्थेच्या मागणीशिवाय, एक माहितीपट करत होतो. दिग्दर्शिका कणकवलीची, कॅमेरा आणि ध्वनी सांभाळणारे दोघे तिचे जुने सहकारी, आणि निर्मितीची जुळवाजुळव माझ्याकडे. चित्रीकरण अर्ध्यावर आलं असताना त्याच सड्यावर चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे चिरे कापून काढायची खाण, घालायचा प्रस्ताव हिस्सेदारांपुढे आला.

फिल्म कशाबद्दल आहे हे तोवर आमच्यापुरतं ठरलेलं होतं. ती कोणासाठी आहे, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. सड्यावरच्या फिल्मचा पहिला प्रेक्षक म्हणजे सड्याचा हिस्सेदार, असं आम्ही ठरवलं. कॅमेरा कोणत्या महिन्यात न्यायचा इथपासून शेवटचा कट किती मिनिटांचा असावा इथपर्यंत पुढचं सगळं त्या एका निर्णयातून आलं, आणि असं काम करू पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाला या प्रकरणाचा उपयोग होईल तो याच ठिकाणी, असं मला वाटतं.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जमिनीचा विषय घराघरांत अजून चालू आहे. शिवाय दुर्मीळ कंदांची जागा जाहीर झाली की ते उपटून नेणारे मागोमाग येतात.

सडा

कोकणातल्या माणसाला सडा समजावून सांगावा लागत नाही, पण त्यावर काय जगतं हे सांगावं लागतं. उष्ण आणि दमट हवेत मूळ खडक लाखो वर्षं झिजत राहिला की त्यातले विरघळणारे घटक पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. तोच आपला जांभा. केरळातल्या अंगाडीपुरमला तो पाहून फ्रान्सिस बुकॅननने १८०७ साली त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. जमिनीत असतो तोवर जांभा अवजाराने कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. घरं, गडगे, देवळं, विहिरींची बांधकामं, सगळं कोकण याच चिऱ्यावर उभं आहे. चिऱ्याला गिऱ्हाईक आहे ते उगाच नाही.

उन्हाळ्यात या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. मग पाऊस येतो, किनारपट्टीवर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर, बहुतेक सगळा चार महिन्यांत. कातळाच्या खळग्यांत बोटभर माती असते, कुठे तीही नसते. त्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून इथल्या कितीतरी वनस्पती किडे खातात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या लाल केसांवर चिकट थेंब असतात आणि चिलट त्यावर बसलं की अडकतं. सीतेची आसवं ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती वरून निळी-जांभळी, नाजूक; शिकारीचं काम मात्र जमिनीखाली चालतं. मुळांसारख्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात आणि सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढून घेते. ही ओढ एका मिलिसेकंदाच्या आत संपते. आमच्या कॅमेऱ्याला ती दिसणं शक्य नव्हतं. म्हणून एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पिशवी आणि तिच्यात अडकलेला जीव असं स्थिर चित्र घेतलं, आणि वेग निवेदनात सांगितला. त्या सेकंदभराच्या दृश्यासाठी उधारीवर वेगवान कॅमेरा आणावा असं एकदा चर्चेत आलं होतं. आणला नाही याचं मला समाधान आहे, कारण त्याच पैशात मे महिन्याचं चित्रीकरण झालं, आणि ते नसतं तर ही फिल्म उभीच राहिली नसती.

गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, कवल्याची पिवळी फुलं, पहिल्या सरींनंतर कातळाच्या भेगांतून वर येणारी दीपकाडी. दीपकाडीची कोकणातली ही जात कोकणाबाहेर फारशी सापडत नाही. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. गेंदाच्या एका जातीच्या नावात रत्नागिरी आहे. सुट्या दगडांखाली राहणारी पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून शास्त्राला पहिल्यांदा कळली. साताऱ्याजवळचं कास पठार बाराशे मीटर उंचीवर आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे आणि तिथे फुलं पाहायला गर्दी लोटते. किनाऱ्याजवळच्या सड्यांना ना ती उंची, ना ते नाव. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत नापीक खडकाळ जमीन असा एक वर्ग आहे. सडा त्यात बसतो.

अमेरिकेतल्या उंच गवताच्या प्रेअरीबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. त्या गवताळ प्रदेशाचे जेमतेम चार टक्के उरलेत आणि उरलेल्यातला मोठा भाग कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये आहे. का, तर तिथे मातीच्या खाली उथळावर चुनखडी आणि गारगोटीचा दगड आहे, नांगर चालेना, म्हणून शेतकऱ्यांनी ती जमीन गुरांना सोडून दिली. १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय राखीव क्षेत्र झालं. तिथे दगडाने कुरण राखलं. आपल्याकडे दगडालाच भाव आहे, त्यामुळे नांगर चालत नाही म्हणून सडा आपोआप वाचेल ही आशा धरता येत नाही. सड्याच्या फिल्मला मालकाशी बोलावंच लागतं, ते यामुळे.

दोन सणांवर बेतलेलं वेळापत्रक

निसर्गपटाचं वेळापत्रक साधारणपणे फुलोऱ्यावर बेततात. आम्हीही जून ते सप्टेंबर धरून चाललो होतो. प्रेक्षक हिस्सेदार आहे हे ठरल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी कोकणात राहणाऱ्याला रोज दिसते पण कोणी जोडून पाहत नाही. चाकरमानी गावी येतो तो मुख्यतः दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला. गणपती म्हणजे भाद्रपद, सडा पूर्ण फुललेला. पण त्या दिवसांत माणूस आरती, पाहुणे, भजन यांत असतो. सड्यावर जायला त्याला वेळ नसतो, आणि गेला तरी चिखल आणि जळवांची तक्रार. शिमग्याला तो निवांत असतो, पालखीबरोबर गावभर फिरतो, आणि तेव्हा सडा करपून काळा-तांबडा झालेला असतो. त्याने डोळे भरून पाहिलेला सडा तो हाच. खाण घालायच्या गोष्टीही शिमग्याच्याच बैठकीत निघतात.

म्हणून आम्ही सुका सडा चित्रित करायला घेतला. कॅमेरामनला सुरुवातीला ते पटलं नव्हतं. मार्चनंतर तिथे काय आहे, हा त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर माळटिटवीने दिलं.

माळटिटवी उघड्या कातळावर अंडी घालते. घरटं असं काही नसतं, चार खडे आणि खळगा. अंड्यांचा रंग खड्यांत असा मिसळतो की गावच्या मुलाने बोट करून दाखवल्यावरही दिसायला वेळ लागला. आम्ही लांब लेन्स लावून, गडग्याच्या आडोशाने, पक्ष्याच्या सोयीने थांबलो. भर दुपारी मादी उठली, सड्याच्या कडेच्या एका पाणवठ्यावर गेली, पोटाची पिसं भिजवून आली आणि अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्या पाणवठ्यात एप्रिलअखेर घोटाभर पाणी होतं. पक्ष्याच्या पाठोपाठ कॅमेरा तिथे पोचला तेव्हा फिल्मचा धागा हाताला लागला. कोरड्याठाक सड्याच्या कडेला, उन्हाळ्यात, पाणी येतं कुठून?

येतं ते सड्यातूनच. जांभा सच्छिद्र आहे. पावसाचं बरंचसं पाणी वरून वाहून जातं हे खरं, पण काही भाग भेगांतून आत मुरतो, खालच्या चिकण थरापाशी अडतो आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतो. त्याच पट्ट्यात गावाच्या विहिरी आहेत, पोफळीच्या बागा आहेत, उन्हाळी भाजी होते. दिग्दर्शिकेने भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांना सड्यावर आणून हे त्यांच्या तोंडून समजून घेतलं. खाण झाली तर अमुक विहीर आटेल, असं सांगायला ते तयार झाले नाहीत. त्यासाठी विहिरींच्या पातळीच्या अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात, त्या गावाकडे नाहीत. मग आमच्या फिल्ममध्येही तसं वाक्य नाही. ते घालावं म्हणून नंतर पुष्कळांनी आग्रह केला. मी आजही त्याच्या विरोधात आहे. हिस्सेदाराला घाबरवून मिळालेली सही पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी दिसलं की मागे फिरते.

पावसातलं काम

पावसाळी सड्यावर चित्रीकरण करायला निघणाऱ्यांसाठी काही गोष्टी तपशिलात सांगतो, कारण त्या कुठे लिहिलेल्या सापडत नाहीत.

सड्यावर आडोसा नाही. वारा थेट समुद्रावरून येतो आणि पाऊस आडवा लागतो. छत्री निरुपयोगी, उभा तंबू तासाभरात उडतो. उपयोगी पडलं ते इरलं. लावणीच्या बायका वाकून काम करतात म्हणून इरल्याचा आकार पाठीला झाकणारा असतो, आणि फुलांचं चित्रीकरणही जमिनीला नाक लावूनच करायचं असतं. कॅमेरामन इरलं पाठीवर घेऊन ओणवा झाला की तो, कॅमेरा आणि बुटका तिपाई तिघेही कोरडे राहत. पंचक्रोशीत बांबू-पानांचं इरलं विणणारे आता फार थोडे उरलेत. एका आजींनी घरचं जुनं दिलं, वर प्लास्टिकचा कागद शिवून.

लेन्समध्ये बुरशी शिरते ती पावसाने नव्हे, दमट खोलीत ठेवल्याने. आम्ही हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या घालून सामान ठेवत असू आणि पिशव्या चुलीच्या उबेला सुकवून पुन्हा वापरत असू. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, पाय हमखास घसरतो. रबरी तळव्यांच्या बुटांपेक्षा गावातले लोक घालतात त्या साध्या प्लास्टिकच्या चपला जास्त धरून राहतात. ध्वनीचं काम सगळ्यात कठीण. माइकवर केसाळ कव्हर चढवलं तरी दिवसा वाराच ऐकू येतो. बेडकांचा आवाज रात्री पाऊस उघडल्यावर घ्यावा, आणि मलबारी चंडोलाचं गाणं पहाटे, वारा सुटायच्या आधी. त्या वेळी गावातून गिरणीचा, एसटीचा आवाज नसतो. आमच्या ध्वनिवाल्याने पावसाळी रात्रींचे आवाज इतक्या निगुतीने गोळा केले की शेवटी एक संपूर्ण प्रसंग काळ्या पडद्यावर फक्त आवाजावर उभा राहिला.

ड्रोनबद्दल थोडक्यात. २०२१ च्या नियमांनुसार अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला चालक परवाना लागत नाही, पण हवाई क्षेत्राचा नकाशा आधी बघावाच लागतो. रत्नागिरीसारख्या विमानतळाच्या आसपास उडवता येत नाही. आमच्या गावात ती अडचण नव्हती, अडचण वाऱ्याची होती. इतका हलका ड्रोन पावसाळी वाऱ्यात टिकत नाही. आकाशातून घेतलेली दृश्यं बहुतेक अनंत चतुर्दशीनंतरची आहेत.

दगड उलटायचे नाहीत, हा नियम पहिल्यापासून होता. पाल, विंचू, बेडूक हे सगळे सुट्या दगडांखालच्या ओलाव्यावर उन्हाळा काढतात. दगड परत ठेवताना बोटभर इकडेतिकडे झाला तरी खालची फट बिघडते. पालीचं दृश्य घेताना सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करणारा एक जाणकार बरोबर होता, त्याने दगड उचलला आणि त्यानेच तो जसाच्या तसा बसवला. ते दृश्य एकदाच घेतलं. नीट आलं नसतं तर फिल्म पालीशिवाय झाली असती.

प्रस्ताव

शिमग्यानंतर कळलं की तालुक्यातला एक खाणवाला चारही घरांना भेटून गेलाय. जांभा गौण खनिज. उत्खननाला महसूल खात्याची परवानगी लागते, ब्रासवर (शंभर घनफुटांच्या मापावर) स्वामित्वधन भरावं लागतं, आणि जमीन सामाईक म्हणून सगळ्यांची संमतीपत्रं हवी होती. चौथ्या घराची संमती जवळजवळ झालेली होती.

आमच्यात मतभेद झाले. ध्वनिवाल्याचं म्हणणं, आपण फिल्म करणारे आहोत, या भानगडीत पडलो तर गावात पुन्हा कॅमेरा काढता येणार नाही. कॅमेरामनला खाणवाल्याचा चोरून व्हिडिओ हवा होता. दिग्दर्शिका दोन्हीला नाही म्हणाली. तिने सरळ चौथ्या घराच्या काकांकडे जाऊन विचारलं की खाण द्यावीशी का वाटते, हे कॅमेऱ्यासमोर सांगाल का. ते तयार झाले. ही मुलाखत फिल्ममधला सगळ्यात लांब प्रसंग आहे आणि माझ्या मते सगळ्यात चांगला.

काका पडवीत सुपाऱ्या सोलत बोलतात. त्यांची कलमं आहेत, पण मोहोर वेळेवर येत नाही, फवारण्या वाढल्या, आंब्याचा पैसा हातात राहत नाही. शेजारच्या गावातल्यासारखे सड्याला सुरुंग लावून खड्डे करावेत, बाहेरून माती आणून हापूस लावावा, तर तेवढं भांडवल नाही. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा फायदा बागायतदारांना होतो, त्यांच्यासारख्या वीस-पंचवीस कलमांच्या मालकाला नाही, असं ते म्हणतात. मुलगा इंजिनिअरिंगला. आणि मग ते वाक्य, जे पुढे सगळ्या खेळांत लोकांनी लक्षात ठेवलं: “माका सड्याचो राग नाय. पण सडो माका काय देता, ता सांगा.”

या प्रश्नाला उत्तर न देता फुलं दाखवत राहिलो असतो तर फिल्म महोत्सवांत गेली असती, गावात नाही.

तेव्हा जवळ असलेल्या चित्रीकरणातून वीसेक मिनिटांचा कच्चा कट बांधायचा आणि तो येत्या गणपतीत गावातच दाखवायचा असं ठरलं. अपुरी फिल्म दाखवू नये, असा या धंद्यातला अलिखित संकेत आहे. स्वतंत्र फिल्म करणाऱ्याला तो पाळायची सक्ती नाही, हा तिचा मोठा फायदा. आमच्यामागे वाहिनी असती तर करारानेच हात बांधले असते.

मांडवातला खेळ

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर, भजनाच्या आधी, पहिल्या घराच्या खळ्यात चादर बांधली. चारही घरांना दिग्दर्शिका स्वतः जाऊन सांगून आली होती, काकांच्या घरी सगळ्यात आधी, आणि त्यांच्या मुलाखतीतला कट त्यांना आदल्या दिवशी दाखवला होता. पाऊस थांबून थांबून पडत होता. मुंबईहून आलेली मुलं पुढे, बाप्ये कडेच्या बाकांवर, बायका ओटीवर.

फुलांना दाद मिळाली. किडे खाणारं झाड आपल्याच सड्यावर आहे म्हटल्यावर मुलं उठून उभी राहिली. काकांच्या मुलाखतीला पूर्ण शांतता. खेळ संपल्यावर पहिली बोलली ती आमच्या इरल्याची मालकीण आजी. “गो बाय,” ती दिग्दर्शिकेला म्हणाली, “फुलां आमी बघूक नाय काय? आमच्या बावीचा पाणी खयसून येता ता दाखय. सड्यार पाणी रवता म्हणान आमका मे म्हयन्यात पाणी.” आणि तिने सड्यावरचे खळगे नावानिशी सांगायला सुरुवात केली. कुठल्या खळग्यात गुरं पाणी पितात, कुठला नवरात्रापर्यंत टिकतो, कुठल्या कडेचं करड कोणत्या घराने कापायचं. ओटीवरच्या इतर बायकांनी भर घातली, दुरुस्त्या केल्या. गावातल्या पुरुषांनाही यातलं बरंच ठाऊक नव्हतं, कारण गवत कापायला, गुरं वळवायला, सरपणाला सड्यावर जातात त्या बायका.

कच्च्या कटात पाणी होतं, पण पाचव्या मिनिटाला येऊन गेलेलं. पक्क्या फिल्मचा कणा या रात्री ठरला. प्राध्यापकांचं बोलणं निम्म्यावर आलं आणि त्याच्या शेजारी आजी आली, सड्यावर चालत, खळगा दाखवत. दोघांचं म्हणणं एकमेकांना कुठे आधार देतं आणि कुठे नाही, हे फिल्म झाकत नाही. पूर्वी पाणी कमी आटायचं असं आजी म्हणते. त्याला मोजलेला पुरावा नाही, आणि निवेदन तिथे गप्प राहतं.

गणपतीनंतर मुंबईत, परळच्या एका शाळेच्या वर्गात, ग्रामस्थ मंडळाच्या रविवारच्या सभेत तोच कट दाखवला. तिथला सूर वेगळा होता. गावी न येणाऱ्या हिस्सेदाराला विहिरीशी देणंघेणं नाही, त्याला रक्कम किती हे हवं होतं. एकाने स्पष्ट विचारलं की वाटणी होऊन माझ्या वाट्याला येणार काय. हिशेब मांडला गेला, बरीच नावं, थोडी रक्कम. ते काम फिल्मने केलं नाही, फळ्यावरच्या आकड्यांनी केलं. पण ते सगळे एका खोलीत बसले ते फिल्मसाठी बसले.

तिथेच एका तरुणाने कातळशिल्पांचा विषय काढला. बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी, कुडोपी अशा ठिकाणची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आली, तेव्हापासून सड्यावर काहीतरी असू शकतं ही जाणीव तरुण चाकरमान्यांत आहे. त्याला आपल्या सड्यावरही शिल्प आहे का हे पाहायचं होतं. सापडलं तर सडा वाचेल, असा त्याचा विचार. आम्हाला चित्रीकरणात कुठे शिल्प दिसलं नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं. शिल्प नसलेला सडाही राखण्यालायक आहे, हे पटवायला आमच्याकडे टिटवी होती, पाणी होतं, आजी होती.

आजची स्थिती

तीन घरांनी संमती दिली नाही. चौथ्या घराने वाटपाचा अर्ज केला, आपला हिस्सा वेगळा करून घेतला, आणि सड्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर खाण सुरू झाली. प्रस्ताव संपूर्ण सड्याचा होता, खाण कोपऱ्यापुरती झाली. या फरकाचं श्रेय फिल्मला किती, हे मोजायला मी जाणार नाही. फळ्यावरच्या हिशेबाचं आणि घराघरांतल्या जुन्या रागलोभाचं त्यात बरंच आहे. कोपऱ्यावरचा कवल्याचा ताटवा मात्र गेला. तो आमच्या चित्रीकरणात आहे आणि जमिनीवर नाही. ते दृश्य आजही मला बघवत नाही.

फिल्म पूर्ण झाली, चाळीस मिनिटांच्या आत. लांबी ठरली ती भजनाआधी मिळणाऱ्या वेळेवर आणि शाळेच्या दोन तासिकांवर. महोत्सवांसाठी लांब आवृत्ती करावी असं दोन जाणकारांनी सुचवलं, तेवढा मजकूर आहेही. दिग्दर्शिकेचा कल नाहीकडे आहे. निवेदन प्रमाण मराठीत, गावातली माणसं मालवणीत, आणि मालवणीला खाली मराठी पाटी नाही, कारण पहिल्या प्रेक्षकाला ती लागत नाही. घाटावरच्या खेळांसाठी पाटीची वेगळी प्रत केली.

पैशाचं सांगायचं तर मोठा खर्च कॅमेऱ्याचा नसतो, वाट बघण्याचा असतो. राहणं, जेवणं, पेट्रोल, पाऊस उघडण्याची वाट. आमचं भागलं ते लग्नांच्या आणि जाहिरातींच्या कामातून आलेल्या पैशावर, ओळखीच्यांनी दिलेल्या छोट्या रकमांवर, आणि गावाने जेवणाचे पैसे घेतले नाहीत म्हणून. यापुढे असं काम करणाऱ्याने गावाच्या जेवणाचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. आम्हाला तो देऊ केला तरी कोणी घेतला नाही, पण तो कोणीतरी सोसलेला असतो.

जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. या गावच्या नोंदवहीत शेतातल्या आणि परसातल्या झाडांची यादी होती, सड्याचं पान नव्हतं. आम्ही तारीखवार चित्रीकरणाची प्रत समितीला दिली, आणि आजीने सांगितलेल्या खळग्यांची नावं, पाणी कधीपर्यंत टिकतं, गवत कोण कापतं, हे सगळं नोंदवहीत चढलं. दोन विहिरींच्या पातळीची नोंद शाळेची मुलं दर पंधरवड्याला करतात. प्राध्यापकांना हवे होते ते आकडे अजून काही वर्षांनी मिळतील. त्याच कायद्यातल्या ३७ व्या कलमाखाली सडा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करून घ्यावा का, यावर ग्रामसभेत एकदा बोलणं झालं. मालकांना धास्ती अशी की उद्या गवत कापायलाही परवानगी लागेल. ही धास्ती दूर करणारं पक्कं उत्तर अजून त्यांना कोणी दिलेलं नाही, तोवर ते हो म्हणणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर फिल्मने अर्धंच दिलं. सडा पाणी देतो, चारा देतो, पण इंजिनिअरिंगची फी देत नाही. कासच्या वाटेने तिकिटं आणि गाड्या आणणं हा उपाय काही जणांना दिसतो. इथल्या बोटभर मातीवर गाड्या आल्या तर खाणीइतकंच नुकसान होईल, हे मी गावात प्रत्येक वेळी सांगतो आणि सांगत राहीन.

खाणीच्या कडेच्या एका ठरलेल्या दगडावरून आम्ही दर गणपतीत आणि दर शिमग्यात तेच दृश्य घेतो, त्याला काकांची परवानगी आहे. येत्या शिमग्याला त्यांच्या मुलाची मुलाखत घ्यायची आहे. शिक्षण संपवून तो सध्या खाणीवर हिशेब बघतो, आणि वेळ त्यानेच कळवली आहे.